पोळी कुणाची, टाळी कुणाची?

'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली आहे. ज्याच्यावर आपले पोट अवलंबून आहे त्याची स्तुती करावी, असा तिचा अर्थ पुस्तकात दिलेला असतो. परंतु ही म्हण उपदेश आहे की उपहास, हे मात्र पुस्तक सांगत नाही. आमच्या वालूरला पारावर बसणारी वडीलधारी मंडळी ती नेहमी उपहासानेच उच्चारतात. एखादा गृहस्थ कुणाची फारच वाहवा करू लागला, की ते एकमेकांकडे पाहून हळूच विचारतात, "पोळी कुणाकडची?" माझ्या मते टीकाशास्त्राचा यापेक्षा नेमका प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.

हा प्रश्न आज मला एका निराळ्याच ठिकाणी विचारावासा वाटतो. विषय वरवर पाहता पोरकट वाटेल. करमणुकीची उद्याने, त्यांतील उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि त्यांच्यावर मोबाईलवरून बोलणारी, चित्रफिती काढणारी चाहते मंडळी, हा तो विषय. साहित्याच्या विद्यार्थ्याने यात कशाला शिरावे, असे काही प्राध्यापक म्हणतील. परंतु शब्दाची विश्वासार्हता हा जर साहित्याचा विषय असेल, तर हाही आपलाच विषय आहे.

जत्रा आपल्याला नवी नाही. आकाशपाळणा, मौत का कुआँ आणि बत्ताशांचे दुकान यांवर आपल्या कित्येक पिढ्यांची करमणूक झाली. पण जत्रेला भिंत नव्हती आणि प्रवेशाचे तिकीट नव्हते. भिंत आणि तिकीट घेऊन आलेली जत्रा म्हणजे हे उद्यान. दिल्लीत १९८४ साली 'अप्पू घर' उघडले, मुंबईजवळ गोराईला १९८९ साली 'एस्सेल वर्ल्ड' सुरू झाले आणि १९९८ साली त्याच्या शेजारी 'वॉटर किंगडम' उभे राहिले. २०१३ साली खोपोलीजवळ चित्रपटव्यवसायातील मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने 'इमॅजिका' निघाले. पुढे २०२२ साली ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. त्याच समूहाचे 'साईतीर्थ' शिर्डीला आहे. म्हणजे दर्शनाला गेलेला आमच्या भागातील माणूसही आता अशा उद्यानाच्या दारावरून परत येत नाही, आत डोकावतोच.

आता या उद्यानांची माहिती आपल्याला कोण देते? वर्तमानपत्रे थोडी देतात. बाकी सारी भिस्त चाहत्यांवर. परदेशात तर अशा चाहत्यांचा एक पंथच आहे. अमेरिकेत 'अमेरिकन कोस्टर एन्थुझिअस्ट्स' ही त्यांची संस्था १९७८ सालापासून आहे. कोणत्या पाळण्याची उंची किती, कोणता कधी दुरुस्तीला काढला, कुठे रांग किती वेळ लागते, याची नोंद ही माणसे एखाद्या कीर्तनकाराने अभंग पाठ ठेवावेत तशी ठेवतात. आपल्याकडेही असे तरुण निघाले आहेत. मी त्यांचे कार्यक्रम आवडीने ऐकतो आणि पाहतो. त्यांचे प्रेम खोटे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझी अडचण निराळी आहे. उद्यानाने बोलावले, गाडी पाठवली, प्रवेशिका दिली, जेवण दिले, रात्रीची खोली दिली, आणि त्यानंतर हा चाहता आपल्याला सांगतो की, "मित्रांनो, एकदा तरी याच!" या वाक्यातील प्रेम किती आणि पोळी किती, हे मी कसे ओळखावे?

मुंबई-पुण्याच्या माणसाला या प्रश्नाची तितकी निकड नाही. त्याला उद्यान आवडले नाही तर तो संध्याकाळी घरी परततो. आमचे गणित वेगळे आहे. वालूरहून सेलूला यावे, रात्रीच्या गाडीत बसावे, पुन्हा बस पकडावी. मोठ्या उद्यानात माणशी हजार रुपयांच्या वर तिकीट. पाच माणसांचे कुटुंब निघाले, तर सोयाबीनचे दोन-तीन क्विंटल या सहलीत सहज जातात. आमच्या आळीतील एक कुटुंब मागल्या दिवाळीत अशाच एका उद्यानाला जाऊन आले. मुलाने मोबाईलवर एका लोकप्रिय चाहत्याची चित्रफीत दाखवली होती. तीत एकही रांग नव्हती, प्रत्येक पाळणा फिरत होता. प्रत्यक्षात तीन मोठे पाळणे बंद होते, आणि चालू असलेल्यांसमोर दीड-दीड तास उभे राहावे लागले. परत आल्यावर त्या काकू माझ्या आईला एवढेच म्हणाल्या, "अहो, तो पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच दाखवलं असणार." मला वाटते, काकूंनी एका वाक्यात साऱ्या प्रकरणाचे मर्म सांगितले.

कारण फुकटच्या प्रवेशिकेने खोटे विकत घेतले जाते, असा आपला समज असतो, आणि तिथेच आपण फसतो. खोटे विकत घेण्याची गरजच नसते. निमंत्रणाने तीन गोष्टी साधतात. पहिली म्हणजे पाहुण्याला जे दिसते तेच बदलते. निमंत्रितांच्या दिवशी गर्दी नसते, सगळी यंत्रे चालू असतात, सोबत व्यवस्थापनाचा माणूस असतो. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याने पाहिलेले उद्यान आणि तुम्ही-आम्ही पाहणार ते उद्यान एक नसते. दुसरी गोष्ट म्हणजे मौन. तो खोटे बोलत नाही, पण बंद पडलेल्या पाळण्याबद्दल बोलत नाही. महागड्या जेवणाचा उल्लेख करायला विसरतो. खाल्ल्या मिठाला जागणे ही आपली संस्कृती, आणि भिडस्तपणा हा तर आपला राष्ट्रीय स्वभाव. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याने टीका केली, त्याला दुसऱ्यांदा बोलावणे येत नाही. म्हणजे प्रत्येक माणूस व्यक्तिशः प्रामाणिक असूनही, काही वर्षांत चाळणीत उरतात ते फक्त संतुष्ट लोक. मग सगळीकडून एकच सूर ऐकू येतो, आणि आपण समजतो की हे लोकमत आहे.

या गोष्टी मी कल्पनेने रचलेल्या नाहीत. या धंद्याच्या मूळ गंगोत्रीतच त्या आहेत. कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडचे उद्घाटन १७ जुलै १९५५ रोजी झाले, तेव्हा त्याचे थेट प्रक्षेपण ए. बी. सी. या दूरचित्रवाणी कंपनीने केले. ही कंपनी त्या उद्यानाची जवळजवळ एक-तृतीयांश भागीदार होती. घराघरांत दिसला तो आनंदसोहळा. निवेदकांत पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगनही होते. प्रत्यक्षात त्या दिवशी बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे बेसुमार गर्दी झाली होती, उन्हाने नव्या डांबरात स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा रुतत होत्या आणि पिण्याच्या पाण्याचे कित्येक नळ कोरडे होते. हे जगाला कळले ते दुसऱ्या दिवसापासूनच्या वर्तमानपत्रांतून. भागीदाराचा कॅमेरा आणि बातमीदाराची लेखणी यांतला फरक एका दिवसात दिसला.

पुढे १९८६ साली फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डने आपल्या पंधराव्या वाढदिवसाला हजारो पत्रकारांना पाहुणचारासाठी बोलावले. ज्यांना फुकट येणे प्रशस्त वाटत नव्हते त्यांच्यासाठी दिवसाला १५० डॉलर भरण्याची सोय ठेवली होती, आणि ज्यांना तेही पटत नव्हते त्यांनी पूर्ण खर्च द्यावा असेही सांगितले होते. तेव्हा अमेरिकेतील वृत्तपत्रसृष्टीत यावर बराच वाद झाला. मला त्यातली मौज अशी वाटते की, सद्सद्विवेकबुद्धीसाठी दरपत्रक काढण्याची कल्पना व्यापाऱ्यालाच सुचावी!

निमंत्रण देणाऱ्याच्या हातात ते काढून घेण्याचीही सत्ता असते, याचा दाखला अलीकडचा आहे. २०१७ साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने डिस्ने कंपनी आणि अनाहाइम शहर यांच्यातील आर्थिक व्यवहारांवर लेख छापले. कंपनीने त्या वृत्तपत्राच्या समीक्षकांना आपल्या चित्रपटांच्या पूर्वखेळांना बोलावणे बंद केले. उद्यानावर लिहिल्याची शिक्षा चित्रपटसमीक्षकाला! पण पुढे जे झाले ते अधिक शिकण्यासारखे आहे. समीक्षकांच्या चार संस्थांनी एकत्र येऊन जाहीर केले की, बंदी उठेपर्यंत डिस्नेचे चित्रपट आमच्या पुरस्कारांसाठी विचारात घेतले जाणार नाहीत. बंदी त्याच दिवशी उठली. एकटा समीक्षक निमंत्रणाचा मिंधा असतो. चार संस्था एकत्र आल्या की निमंत्रण देणाराच नरमतो.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या बाबतीत एवढे गांभीर्य कशाला? थोडे जास्त कौतुक झाले तर बिघडले कुठे? याला उत्तर आहे. डिस्नीलँडमध्येच ५ सप्टेंबर २००३ रोजी 'बिग थंडर माउंटन' या खाणीच्या आगगाडीसारख्या पाळण्याला अपघात होऊन २२ वर्षांचा एक तरुण मरण पावला. चौकशीत देखभालीतील चूक निष्पन्न झाली. त्या उद्यानातील देखभालीच्या काटकसरीविषयी कोणी आधी आवाज उठवला होता? कंपनीच्या पाहुण्यांनी नव्हे. स्वतःच्या खिशातून वार्षिक प्रवेशपत्रिका काढून वारंवार जाणाऱ्या, उडालेला रंग आणि बंद पडलेली यंत्रे मोजणाऱ्या काही चाहत्यांनी ती तक्रार केली होती. चाहता हा टीकाकाराचा शत्रू नव्हे. खरा चाहता हाच पहिला टीकाकार असतो. फक्त त्याची भाकरी त्याच्या स्वतःच्या फडक्यात बांधलेली असावी लागते.

आपल्या महाराष्ट्राला तर हा धडा परक्याकडून घेण्याची गरज नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी आपले पहिले मराठी वृत्तपत्र काढले आणि त्याला नाव दिले 'दर्पण'. तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. आरशाचे काम एकच : समोर असेल ते दाखवणे. त्याच महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकच मजकूर, शब्दशः तोच, निरनिराळ्या वृत्तपत्रांत बातमी म्हणून झळकल्याचे पी. साईनाथ यांनी उघड केले. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हापासून खेड्यापाड्यांत पोचला. भारतीय प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० साली त्यावर अहवाल केला. अर्थविषयक पत्रकाराने आपल्या निःपक्षपातीपणाला बाध येईल अशी भेट, सहल वा सवलत घेऊ नये, असे त्याच कौन्सिलची आचारसंहिता सांगते. 'पाकीट' या साध्या मराठी शब्दाला वृत्तपत्रव्यवसायात जो अर्थ चिकटला आहे, तो या आचारसंहितेचे पालन किती होते याची साक्ष देतो. आता पाकिटाची जागा प्रवेशिकेने घेतली आणि बातमीदाराची जागा हौशी चाहत्याने, एवढेच.

कायदाही आता झोपलेला नाही. जाहिरातदारांच्या 'एएससीआय' या संस्थेने २०२१ साली अशा समाजमाध्यमी प्रचारकांसाठी नियम केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने २०२२ साली फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. फसवी शिफारस करणाऱ्याला पहिल्या खेपेस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. नुसते पैसेच नव्हे, तर फुकट वस्तू, सहल, हॉटेलातील मुक्काम, सवलत, इतकेच काय पण नात्यागोत्याचा संबंधही उघड केला पाहिजे, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत तो उघड केला पाहिजे, असे तीत म्हटले आहे. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो. चार मिनिटे अस्सल मराठीत गुणगान करायचे आणि कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात एक इंग्रजी शब्द टाकायचा, याला सांगणे म्हणत नाहीत. 'मी फुकट आलो आहे' हे वाक्य मराठीत बोलायला काही अवघड नाही. ते सुरुवातीलाच, मोठ्याने, तोंडाने बोलावे.

पण एवढ्याने प्रश्न सुटला असे मानणे भाबडेपणाचे होईल. मी फुकट आलो हे सांगितल्याने न दिसलेली रांग दिसत नाही. आणि दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. परभणी जिल्ह्यातील एखाद्या गरीब विद्यार्थ्याला हा छंद आहे. तिकिटाला पैसे नाहीत. त्याने प्रवेशिका घ्यायचीच नाही असे म्हटले, तर मग या विषयावर बोलण्याचा हक्क फक्त पैसेवाल्यांच्या मुलांनाच राहील. तटस्थता ही श्रीमंतांची मिरास व्हावी काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. त्यावर मला सुचते ते इतकेच : प्रवेशिका घ्यावी, पण तिच्यावरून निकाल देऊ नये. निमंत्रणाच्या दिवशी पाहिले त्याला वर्णन म्हणावे. शिफारस करायची असेल तर एकदा दिवाळीच्या सुटीत, सर्वांच्या रांगेत, विकतच्या तिकिटाने उभे राहून मग करावी. आणि त्या तिकिटाचे पैसे कुठून आणायचे, या प्रश्नाचे उत्तर शेवटी आपल्याकडे, म्हणजे ऐकणाऱ्यांकडे येते.

ते उत्तर शोधताना मला आमच्या गावच्या बारवेची आठवण होते. वालूरची ही बारव चक्राकार पायऱ्यांची आहे; गोल फिरत, शंखाच्या वळणासारखे खाली उतरावे लागते. अशी रचना विरळाच. ती बारव वर्षानुवर्षे गाळाने भरलेली होती. तिला प्रसिद्धी अधिकारी नव्हता, ती कुणाला प्रवेशिका पाठवू शकत नव्हती, म्हणून तिच्यावर कुणी बोलतही नव्हते. पाकीट हे कसे बोलावे एवढेच ठरवत नाही, कशाबद्दल बोलावे हेही तेच ठरवते. पुढे गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ उपसला, आणि आता लांबून माणसे ती पाहायला, तिची छायाचित्रे काढायला येतात. त्यांनी तिची केलेली स्तुती मला खरी वाटते, कारण बारवेने त्यांना काहीही दिलेले नाही.

मात्र आपणही स्वतःला तपासले पाहिजे. या पाहुण्यांना आपण चहा पाजतो, भाकरी-पिठल्याला थांबवतो. उद्या त्यांच्यापैकी एखाद्याने आपल्या चित्रफितीत बारवेच्या काठावरचा प्लास्टिकचा कचराही दाखवला, तर आपण काय म्हणू? "आमचं खाल्लं आणि आमचीच बदनामी केली," असे शब्द आपल्या ओठांवर येणार नाहीत, याची खात्री कुणी द्यावी? तसे आले, तर आपले पिठले आणि कंपनीची प्रवेशिका यांत फरक तो काय राहिला? पाहुण्याच्या तोंडून काय निघेल याची फिकीर न करता वाढले जाते ते आतिथ्य. त्याच्या तोंडावर डोळा ठेवून वाढले जाते तो व्यापार. व्यापार वाईट नव्हे, पण त्याला आतिथ्य म्हणू नये.

आपला हा वार्षिकांकही जाहिरातींवर निघतो, हे कोणी मला दाखवून देईल. खरेच आहे. कापड दुकान, कृषी सेवा केंद्र, सराफी पेढी यांच्या शुभेच्छांची पाने मागे असतातच. पण ती पाने चौकटीत असतात, आणि त्या चौकटीत काय आहे हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. जाहिरात जाहिरातीच्या जागी असली की कुणाचे नुकसान होत नाही. चौकट मोडून ती लेखात शिरली, आणि लेखकाच्या आवाजात बोलू लागली, की तिथे फसवणूक सुरू होते.

वाचकहो, गणपतीला आपण घरटी वर्गणी देतो. भागवत सप्ताहाला धान्य देतो. बारवेसाठी गावाने अंगमेहनत दिली. मग ज्याच्या शब्दावर आपण हजारो रुपयांची सहल ठरवतो, त्या माणसाला आपण काय देतो? अंगठ्याची एक खूण! त्याने पोळी कुणाकडे मागावी? पाचशे श्रोत्यांनी वर्षाला दहा-दहा रुपये काढले, तर एका प्रामाणिक पोराचे तिकीट आणि प्रवासभाडे सहज निघेल, आणि मग तो परत येऊन बंद पाळण्यांची यादी आपल्याला निर्भयपणे वाचून दाखवील. खऱ्या शब्दाला किंमत पडते. ती आपण मोजली नाही तर दुसरा कोणी मोजतो, आणि जो मोजतो त्याचाच तो शब्द होतो. म्हण काही आपल्याला बदलता येणार नाही. टाळी पोळीच्याच मागे जाणार. तेव्हा टाळी आपल्या बाजूने वाजावी असे वाटत असेल, तर पोळीही आपल्याच तव्यावरची असली पाहिजे.